रविवारपर्यंत कुणी मरू नये

फिएझोले, ५ ऑक्टोबर १९२७

प्रिय पेर्सिदाताईस,

सप्रेम नमस्कार. तू, भावोजी, मुलं सगळे मजेत असालच. तुझे सासरे कसे आहेत? खोकला कमी झाला का? सविस्तर लिही.

इथे मी चिडून चिडून अर्धी झालेय. माझं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा पुढे गेलं, तुला ठाऊकच आहे. आधी आईचे ते हॅनोव्हरकडचे चुलत काका गेले. त्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय, तेही घोड्यासकट. मग वसंतात लिस्बनची मावशी गेली. ती आईशी वीस वर्षं बोलत नव्हती, पण सुतक आलंच! आपलं राज्य जाऊन नऊ वर्षं झाली. घर भाड्याचं, छप्पर गळकं, पण युरोपातल्या कुठल्याही राजवाड्यात कुणी शिंकलं की आमच्या दारावर काळी फीत.

परवा मी म्हटलंच, "आईसाहेब, आता ना गादी ना दरबार. हे सगळं कुणासाठी पाळायचं?"

"गादी लोकांनी घेतली, लेपा. नाती कुणी घेतलेली नाहीत."

कपाळ माझं!

स्तोया स्वयंपाकघरातून ओरडते, "आमच्या गावच्या पोरी हो म्हटलं की पंधरवड्यात बोहल्यावर! आणि तुम्ही राजकन्या बसा झुरत." म्हातारी आपल्यामागून इथवर आली, म्हणून तिला काहीही बोलायची मुभा आहे.

आंद्रियाचाही धीर सुटलाय. त्याला आर्जेंटिनात पूल बांधायचं काम मिळालंय, वीस तारखेची बोट आहे. मला म्हणाला, "तुझे नातेवाईक संपायची वाट बघू का मी? अर्ध्या युरोपात पसरलेत ते!" मी हसले, तो हसला नाही. या वेळी लग्न झालं नाही तर तो एकटा जाणार, आणि परत माझ्यासाठी येणार नाही. ताई, मला तो हवा आहे.

लग्न रविवारी, सोळा तारखेला, फ्लॉरेन्सच्या रशियन चर्चमध्ये आहे. आईने लग्नात घालायला कपाटातून जांभळा पोशाख काढून उन्हात टाकलाय.

तर, तुझे सासरे कसे आहेत? डॉक्टर काय म्हणतात? हे मी मायेने विचारत नाहीये, आता खरंच लिहिते. त्यांचं काही बरंवाईट झालं तर सोमवारपर्यंत इकडे तार करू नकोस. साक्षात व्याही म्हणजे आई वर्षभर लग्नाचं नाव काढू देणार नाही. मला लाज वाटतेय, पण हे खोडणार नाही.

रोज तुझ्या सासऱ्यांसाठी मेणबत्ती लावणारी,
लेपा


फिएझोले, १७ ऑक्टोबर

ताई,

लग्न झालं. आई आली नाही.

सकाळी दाराआडून म्हणाली, "डोकं दुखतंय, तुम्ही व्हा पुढे." पोशाख खुर्चीवर तसाच पडलेला. स्तोया मान खाली घालून अक्रोड कुटत होती, मला वाटलं केकसाठी. गाडीत बसल्यावर मी आईबद्दल नाही नाही ते बोलले. आंद्रिया नुसता हात धरून होता. राजकन्येच्या डोक्यावर अखेर मुकुट आला तो चर्चमध्ये वधूवरांना घालतात तो, तोही अर्ध्या तासापुरता, आणि तो बघायला आई नाही!

परत आलो तर घरभर शिजलेल्या गव्हाचा वास. गहू, साखर, वर अक्रोड. मेलेल्या माणसासाठीच करतात ना गं आपल्यात?

आई पडदे ओढून काळ्या कपड्यांत बसली होती. तू शब्द पाळलास, पण तुझे सासरे गेल्याची तार तुझ्या नणंदेने गुरुवारीच केली होती.

"सुतकातलं माणूस लग्नात उभं राहत नाही," आई म्हणाली. "आणि तुला कळलं असतं तर तुलाही सुतक लागलं असतं."

मी ओरडलेच, "एवढं केलंत, तर आलाही असतात! एकदा, एकदाच नियम मोडला असतात तर?"

"मोडला की. तुला सांगितलं नाही."

काय करू मी या बाईचं? तीन दिवस एकटी सुतक धरून बसली आणि मला चिडायचीही सोय ठेवली नाही. मग तिने मला शेजारी बसवलं. म्हणाली, "आता नीट सांग. मुकुट कसा दिसत होता तुला?"

मी सांगत राहिले, ती डोळे मिटून ऐकत राहिली.

परवा आम्ही निघतो. तू लवकर ये, आईजवळ आता स्तोयाशिवाय कुणी नाही.

तुझ्या सासऱ्यांसाठी, कुणी न सांगता, काळे कपडे घातलेली,
लेपा