'ॲम' नसला म्हणून काय झालं

३ जून
छापखान्यात शिफ्ट इन्चार्जची जागा निघाली. माझीच आहे. मुलाखत नवे साहेब घेणार, इंग्रजीतून. घेऊ देत.

४ जून
लेकीला विचारलं, 'मला सवय आहे' हे इंग्रजीत कसं म्हणायचं? म्हणाली, आय ॲम यूज्ड टू. वर बजावलं, बाबा, ॲम गाळू नका, नाहीतर 'पूर्वी करायचो, आता नाही' असा अर्थ होतो. काहीतरीच. एवढ्याशा ॲमने कुठं अर्थ फिरतो? हल्लीच्या शाळा मुलांना उगाच घाबरवतात.

६ जून
उद्यापासून रोज पहाटे सराव.

७ जून
पहाट झाली तेव्हा झोपलो होतो. सराव हवा आत्मविश्वासासाठी, आणि तो माझ्याकडे उपजत आहे. बायकोने तयारीचं विचारलं. म्हटलं, हातचा मळ.

१० जून, दुपारी
मुलाखत फक्कड. मशिनच्या आवाजाचं काय? आय यूज्ड टू वर्क इन नॉइज. हाताखालच्या पोरांशी जमतं? आय यूज्ड टू लाइक देम. दिवसभर उभं राहणं? आय यूज्ड टू स्टँड. ॲम एकदाही आडवा आला नाही. साहेब हळवे झाले. माझ्यासाठी पाणी मागवलं, दारापर्यंत सोडायला आले.

११ जून
लेकीला उत्तरं ऐकवली. तिने कपाळावर हात मारला. बाहेरचे जळतात हे ठाऊक होतं.

१४ जून
जागा बाइंडिंगवाल्या बाईंना. माझी बदली रेकॉर्ड रूममध्ये. साहेब म्हणाले, आवाज नाही, माणसं नाहीत, बसून काम. तुम्हालाच हवं होतं ना? खुलासा करणार होतो, पण तोही इंग्रजीतून करावा लागला असता. थँक यू म्हणालो. नाहीतरी रेकॉर्ड रूम म्हणजे विश्वासाची जागा.

१७ जून, संध्याकाळी
पहिला दिवस. टेबल, पंखा, जुन्या कामांचे गठ्ठे. भिंतीपलीकडे माझं मशिन. त्याचा सूर बिघडल्यासारखा वाटला म्हणून सांगायला गेलो. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही आता आराम करा. सगळे प्रेमानेच हसले.
जेवताना बायकोने विचारलं, आज कुणाशी बोललात? म्हटलं, तसं कुणाशीच नाही. ती ताटात वाढत म्हणाली, होईल सवय.
याला इंग्रजीत काय म्हणतात, ते लेकीला विचारलं नाही.