राणीचे दोन शेवट

१२ मार्च

मेले एकदाची! आयर्लंडमधल्या विकलोच्या डोंगरात, घोटाभर चिखलात, पोटात तलवार. पण हे मरण खोटं. बातमी फुटू नये म्हणून या हंगामाचे दोन शेवट चित्रित करायचे — एक खरा, एक चकवायला. खऱ्यात राणी जगते. फिंटनने शपथेवर सांगितलंय. मालिका लिहितो तोच, म्हणजे प्रश्नच नाही.

आजवर चेटकीण झाले, हेर झाले, अंतराळयानाची कप्तान झाले. बाई जरा गुंतागुंतीची निघाली की शेवटच्या भागात तिला मारून मोकळे होतात. तिची पापं फिटतात, प्रेक्षक सुखाने झोपतात. ही राणी मी एकाच अटीवर घेतली — ही मरणार नाही. केलेलं सगळं उरावर घेऊन म्हातारी होणार.

म्हणून आज अगदी निवांत मेले. मधे सँडविच खाल्लं. मरताना चक्क हसू आलं. विग सांभाळणारी नूला, माझी जुनी मैत्रीण, तिने मरणाच्या प्रसंगासाठी राणीची वेणी खरोखरच कापली. "अगं, एवढा महागाचा विग!" म्हटलं. "तू गप्प बस ना," म्हणाली.

१७ मार्च

आईचा एनिसहून फोन. सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीला गेली नाही, गुडघे धरलेत. "तुझ्या राणीला मारलं तर मी बघायचं बंद करीन हां." नाही गं मारत, म्हटलं.

४ जून

डब्लिनला डबिंग. एकाच प्रसंगासाठी बोलावलं — मरणाच्या. वाऱ्यामुळे श्वास नीट आले नाहीत म्हणे, पुन्हा हवेत. टाकून द्यायच्या प्रसंगाचे श्वास कोण भरून घेतं? काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईला विचारलं. तिने मान खाली घातली.

दिले श्वास. सगळे दिले. मग नदीकाठचा कठडा धरून बराच वेळ उभी होते.

५ जून

फिंटन घरी आला. मी चहासुद्धा विचारला नाही. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही, आणि त्याला तो बरोबर कळला.

"खरं सांगितलं असतं तर तू अभिनय केला असतास," म्हणाला. "अगं डर्व्हला, तू हसलीस. असं मरताना मी कुणाला पाहिलं नाही."

"मला विचारायचं होतंस."

"मग हसली असतीस?"

नूलाला ठाऊक होतं. खोट्या मरणासाठी खरा विग कोण कापतं! इतकी वर्षं या धंद्यात काढली आणि माझ्या डोक्यात आलं नाही. कात्री चालवता चालवता ती माझ्याशी नातवंडांच्या गप्पा मारत होती. फिंटनपेक्षा तिचंच जास्त लागलं.

१९ ऑक्टोबर

काल तो भाग दाखवला. सगळीकडे त्या हसण्याचं कौतुक. आई फोन उचलत नाही.

२ नोव्हेंबर

फिंटनचा निरोप. पुढच्या हंगामाचा शेवटचा भाग दिग्दर्शित करशील का? त्यात राणीची मुलगी मरते. ते काम करणाऱ्या सायव्हला मात्र कळता कामा नये.

किती वर्षं मागतेय मी दिग्दर्शन! तो नीच माणूस हे जाणून आहे. हो कळवलं. सायव्हला मी आधीच सांगणार, असं ठरवूनच.

११ मार्च

सायव्ह आज चिखलात कुडकुडत माझ्याजवळ आली. "दोन शेवट घेतोय ना? यातला खरा कुठला गं? तू तरी खरं सांगशील."

"ज्यात तू जगतेस तो," म्हटलं.