दोन योद

लाडके चिमणे,

काल तोराची, आपल्या धर्मग्रंथाची, गुंडाळी लिहिताना तुझ्या बापाच्या हातून चूक झाली. योद म्हणजे आपल्या हिब्रूतलं सगळ्यात छोटं अक्षर, शाईचा ठिपकाच म्हण. देवाने जनावरं ‘घडवली’ या शब्दात एक योद आहे, माणूस ‘घडवला’ तिथे दोन. मी माणसालाही एकच दिलं.

आपले जुने गुरू सांगतात, त्यातलं एक योद सद्बुद्धीचं, दुसरं वासनेचं, आणि दोन्ही देवानेच घातली. वासना नसती तर कुणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, पोरं झाली नसती. हे मी लोकांना हसत हसत समजावत आलो. आणि लग्नाआधीच दिवस गेलेत असं तू म्हणालीस, तेव्हा तुला बाहेरचा रस्ता दाखवला.

खरं सांगू? तू सातव्या महिन्यात झालीस असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. साडेतीन किलोची सातमाशी पाहून सुईण नुसती हसली होती. हे कुणाला सांगायचं नाही अशी तुझ्या आईने शपथ घातलीय, म्हणून हे पत्र खणातच राहील.

सुटलेलं अक्षर ओळीच्या वर बारीक लिहिता येतं. तेवढ्यासाठी चर्मपत्र टाकून द्यावं लागत नाही. ते मी टाकलं नाही, चिमणे. तुला टाकलं.

पत्र नाही, पण मी स्वतः परवा येतोय. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. चाळीस वर्षं एका जागी बसायचीच सवय आहे मला.

तुझे बाबा