झाकणाखालची निळी ज्योत

म्हैसूर, मंगळवार, संध्याकाळ

जिंकले! सरांनी आठवडाभर एकच धोशा लावला होता: ऊर्जा मोजायच्या यंत्रातून हवा गळतेय, नाहीतर रेणुकाची आई खोटं बोलतेय. रेणुका नऊ वर्षांची, गुबगुबीत. स्वस्थ पडल्यावर तिचं शरीर वजनावरून अंदाज बांधणाऱ्या सूत्रापेक्षा फारच कमी ऊर्जा जाळतं. आई रडवेली, "ताई, एकच रागीमुद्दे, नाचणीचा एवढासा गोळा, खाते हो."

आज पोरांना झोपवतो त्याच पारदर्शक झाकणाखाली मी स्पिरिटचा दिवा पेटवला. किती स्पिरिट जळलं ते वजनावरून कळतं. यंत्राने तेवढ्याचीच ऊर्जा दाखवायला हवी. इवलीशी निळी ज्योत, आणि माझी नजर आकड्यावर. यंत्रच खोटं निघालं असतं तर? पण आकडा जुळला!

म्हणजे खोटं ते सूत्रच. परदेशी मुलांवर बेतलेलं. तेवढ्याच वजनात आपल्या पुष्कळ पोरांत चरबी जास्त, स्नायू कमी. किती दिवस ओरडतेय मी!

सर त्या निळ्या ज्योतीकडे बघतच राहिले. "सरी अम्मा, मान्य! तूच जिंकलीस."

"मी नाही, रेणुकाची आई. फोन तुम्हीच करा."

केला त्यांनी. तिने लगेच विचारलं, "आता पोरीला पोटभर वाढू ना?"

मी फोन ओढूनच घेतला. "वाढा! उपाशी ठेवून स्नायू होत नाहीत. आणि भरपूर हुंदडू द्या तिला."