बावीस मिनिटांनी घरी सोडणेबाबत

प्रति,
मा. योजना अधिकारी,
आभासी व्यायाम योजना (प्रायोगिक),
जिल्हा कार्यालय, भंडारा.

अर्जदार: सुमित्राबाई जागेश्वर काटेखाये, वय ५३, केंद्रप्रमुख, महिला व्यायाम केंद्र, मु. आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा.

विषय: आमच्या केंद्राचे रोजचे व्यायाम सत्र तीस मिनिटांऐवजी बावीस मिनिटांचे करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपले ज्ञापन क्र. १४७, दि. १९ मे २०२५ (मृत लाभार्थीच्या हजेरीबाबत खुलासा).
२) आपले ज्ञापन क्र. १६३, दि. ६ जून २०२५ (अपूर्ण सत्राबाबत ताकीद).

महोदय,

आपली दोन्ही ज्ञापने मिळाली. पहिल्यात खुलासा मागितला आहे, दुसऱ्यात ताकीद दिली आहे. दोन्हींचे उत्तर एकच असल्याने एकाच अर्जात लिहीत आहे. अर्ज लांबला आहे, तरी तो शेवटपर्यंत वाचावा. मी जे मागत आहे ते शेवटीच आहे आणि ते फार थोडे आहे, रोजची आठ मिनिटे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या गावाला व्यायामाच्या खेळाचे सहा संच मिळाले. डोळ्यांवर मोठा चष्मा आणि दोन हातांत धरायच्या दोन मुठी. चष्मा लावला की समोरून रंगीत गोळे येतात, ते हाताने फोडायचे, काही वाकून डोक्यावरून जाऊ द्यायचे. गावात आमचे बरेच हसे झाले. दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बायांना व्यायाम कशाला, असे माझ्या घरचेच म्हणाले. परंतु दवाखान्यातील मॅडमनी सांगितले होते की धानाच्या रोवण्याने कंबर आणि खांदे खालीच धरून राहतात, ते मोकळे करायचे तर हात वर गेले पाहिजेत. आमचे हात वर जातच नव्हते. दोन महिन्यांत जाऊ लागले. आनंदाबाईंनी बारा वर्षांनी वरच्या फळीवरचा डबा स्वतः काढला. तेव्हा योजना चांगली आहे, योजनेबद्दल माझी तक्रार नाही.

आम्ही सहा लाभार्थी म्हणजे माझी रोवण्याची टोळी: मी, आनंदाबाई, करुणा, रेणू, राखी आणि रुखमिणी भैयाजी तिघरे. टोळीची मुकादम मी. कोणाची बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, आधी रोवायची, रोवणाऱ्यांच्या ओळीत पात कोणी कुठे धरायची, पाणी प्यायला कधी थांबायचे आणि घरी कधी निघायचे, हे मुकादम ठरवते. बाकीच्या सहसा तोंडाने विचारत नाहीत. उभ्या राहतात, कंबरेवर हात ठेवतात आणि मुकादमाकडे पाहतात. मुकादम 'चला' म्हणाली की निघायचे. ही रीत आपण लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

सुरुवातीला एक अडचण आली. या खेळात माणसाने पुढे सरायचे असते आणि रोवणा आम्ही मागे सरत करतो. रोप लावायचे, एक पाऊल मागे, परत रोप. चष्मा लावताच सहाही जणी मागे सरू लागल्या आणि आनंदाबाई, केंद्र भरते त्या समाजमंदिराच्या भिंतीवर आदळल्या. आपल्या कार्यालयाचे तंत्रज्ञ श्री. नीलेश यांनी पुष्कळ समजावले, शेवटी भिंतीपासून लांब उभे केले. हळूहळू आम्ही सुधारलो. रुखमिणी मात्र सुधारली नाही. तिचे पाऊल मागेच पडायचे. गोळा आला की ती तो फोडायचे सोडून खाली वाकायची आणि मग स्वतःच हसत सुटायची. 'बाई, माह्या हाताले वर जायचं माहीतच नाही,' असे म्हणायची. तिचे गुण कायम शून्य असत. टोळीत तिच्याइतकी सरळ ओळ लावणारी दुसरी कोणी नव्हती, हेही नोंदवून ठेवते.

दि. १६ जुलै २०२४ रोजी बोडीच्या तलावाखालच्या शेतात आमचा रोवणा सुरू होता. शेवटची बांधी अर्धी राहिली असताना आभाळ भरून आले. रेणू म्हणाली, 'बाई, चला आता, आभाळ चांगलं नाही दिसून राहिलं.' मी मोबाईल पाहिला. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. मी म्हणाले, 'एवढी बांधी उरकवू, मग जाऊ.' दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या शेतावर जायचे होते आणि अर्ध्या बांधीसाठी परत फिरून यायचे माझ्या जिवावर आले होते. एवढेच कारण होते. थोड्या वेळाने रुखमिणी उभी राहिली, तिने कंबरेवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मला ते दिसले. मी न पाहिल्यासारखे केले आणि रोपांची पुढची पेंडी सोडली. ती पातीच्या डाव्या टोकाला होती, मी उजव्या. वीज पडली तेव्हा मधल्या चौघी पडल्या आणि उठल्या. ती उठली नाही.

पंचनाम्यात वीज पडल्याची वेळ चार वाजून तेहतीस मिनिटे आहे आणि कारणाच्या जागी 'शेतात काम चालू असताना' असे आहे. काम कोणी चालू ठेवले हे त्यात नाही. मी पंच म्हणून सही केली, तेव्हाही सांगितले नाही. ते मी या अर्जात प्रथमच लिहून देत आहे.

रोवण्यापासून बंद असलेले केंद्र धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर डिसेंबरात परत सुरू झाले. पाच जणींनी पाच संच घेतले. सहावा खोक्यात घालून लोखंडी कपाटात ठेवला. कपाटाची किल्ली माझ्या पदराला असते.

आता आपल्या पहिल्या ज्ञापनाचा खुलासा. आपला आक्षेप असा की डिसेंबरपासून पोर्टलवर रोज सहा लाभार्थींची हजेरी दिसते आणि त्यांतील एक मृत आहे. मेलेल्या माणसांच्या नावाने हजेरी लागते हे मीही ऐकून आहे, पण ती लावणाऱ्याला त्यातून काहीतरी मिळत असावे. आम्हाला मिळाले ते आपले ज्ञापन. हजेरी आम्ही लावलेली नाही.

या संदर्भात श्री. नीलेश दि. २४ मे रोजी केंद्रावर आले. त्यांनी कपाट उघडून सहावा संच पाहिला, तो पूर्ण बंद होता. त्याचे चार्जर काढून त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवले, कपाटाला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ घेतली आणि पाठ कपाटाला टेकवून खुर्चीवर बसले. आम्ही तीस मिनिटे खेळलो. खेळ संपल्यावर त्यांनी मोबाईलवर पोर्टल उघडले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. सहाव्या संचापुढे लिहिले होते: सुरुवात ४.१०, समाप्ती ४.३३, गुण शून्य, वाकणे तीनशे बारा वेळा. मग त्यांनी कपाट परत उघडले. संच होता तसाच खोक्यात होता, थंड. पट्ट्याला चिखल लागला आहे का ते मी हाताने चाचपून पाहिले. नव्हता. श्री. नीलेश म्हणाले, 'काकू, मशीनमधी काहीच नाही जी.' ते चहा न घेता निघून गेले. त्यांच्या अहवालात 'दोष आढळून आला नाही' असे लिहिले आहे ते खरे आहे.

त्याच ज्ञापनातला आपला दुसरा आक्षेप असा की सदर लाभार्थी गुण मिळवत नाही आणि तेविसाव्या मिनिटाला सत्र सोडून जाते, याचे कारण काय. तेही लिहून देते.

खेळात शेजारच्या खेळाडूंच्या निळ्या आकृत्या दिसतात. त्यांना तोंड नसते. डोके, धड आणि हात एवढेच. मी उजव्या टोकाला उभी असते, त्यामुळे माझ्या डावीकडे चार दिसायला हव्यात. मला पाच दिसतात. पहिला महिनाभर कोणी कोणाला काही बोलले नाही. एके दिवशी राखीने चष्मा काढून विचारले, 'बाई, तुमाले किती दिसतेत?' मी म्हणाले, चार. मी खोटे बोलले आणि तिला ते कळले.

पाचवी आकृती गोळे फोडत नाही. गोळे तिच्या अंगावरून निघून जातात. ती वाकते, हात खाली नेते, एक पाऊल मागे सरते आणि परत वाकते. आम्ही सगळ्या समोर तोंड करून हात वर फेकत असतो आणि पातीच्या डाव्या टोकाला ती रोवणा करत असते. बावीस मिनिटे झाली की ती सरळ उभी राहते. कंबरेवर हात ठेवते. मग ते तोंड नसलेले डोके माझ्याकडे वळते. थोडा वेळ तसेच राहते. तेविसाव्या मिनिटाला ती नसते.

सत्राची वेळ चारची आहे. चष्मे चढवून, पट्टे आवळून खेळ सुरू होईपर्यंत रोज दहा मिनिटे जातात. ४.१० आणि ४.३३ या वेळांत जे आहे ते मला २४ मेच्या नोंदीचा कागद पंचनाम्याशेजारी ठेवल्यावर कळले. त्या रात्री मी जेवले नाही. ती रोज विचारते आणि मी रोज गोळे फोडत राहते, कारण नियम तीस मिनिटांचा आहे.

भीती वाटते का, असे आपण विचाराल. फार वाटते. करुणा दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी आपणहून आली आणि आपल्या जागी उभी राहिली. ज्या बाईसोबत नऊ वर्षे एका चिखलात उभ्या राहिलो, तिला एकटी पात कशी धरू द्यायची, असे आम्हा सर्वांचे म्हणणे पडले.

दि. २ जून रोजी मी नियम मोडला. बाविसाव्या मिनिटाला तिने माझ्याकडे पाहिले तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, 'चला वं, घरी चला सगळ्या.' सगळ्यांनी चष्मे काढले. मी कपाटाकडे पाहिले नाही, कोणीच पाहिले नाही. आम्ही घराकडे निघालो. रुखमिणीच्या घरी, भैयाजीच्या दारापर्यंत सगळ्या सोबत चाललो. मागे किती जणींची पावले वाजत होती हे मी शपथेवर सांगू शकत नाही. परंतु पोर्टलवर त्या दिवशी सहाव्या संचाची समाप्ती ४.३२ आहे. डिसेंबरपासून तेवढी एकच नोंद वेगळी आहे.

त्यावर आपले दुसरे ज्ञापन आले. त्यात 'सहाही लाभार्थींनी सत्र अपूर्ण सोडले' असे आपण लिहिले आहे. सहा हा आकडा आपल्या कार्यालयानेच लिहिला, याबद्दल मी आभारी आहे. पुढे अशी ताकीद आहे की केंद्राचे आणखी एक सत्र असे अपूर्ण राहिल्यास सर्व संच परत नेण्यात येतील. म्हणून ज्ञापन मिळाल्यापासून आम्ही परत पूर्ण तीस मिनिटे खेळत आहोत आणि सहावी नोंद परत ४.३३ ला थांबत आहे. काल मी डोळे मिटून खेळले. मिटल्या डोळ्यांनाही डावीकडून कोणी पाहत आहे हे कळते.

दि. ८ जून रोजी मी रुखमिणीचे पती भैयाजी तिघरे यांना सर्व सांगितले. त्या दिवशी बांधीत मी काय म्हणाले होते तेही सांगितले. ते मला दारातून हाकलतील असे वाटले होते. त्यांनी मला आत बसवले. मग म्हणाले, 'वहिनी, झालं ते झालं. आता तिले टायमावर धाडत जा.' त्यांचे संमतीपत्र सोबत आहे. त्यांनी दुपारी दाराची कडी लावणे बंद केले आहे.

तरी माझी विनंती अशी की आमच्या केंद्राचे सत्र बावीस मिनिटांचे करावे. समाजमंदिरापासून भैयाजीच्या दारापर्यंत चालत बरोबर आठ मिनिटे लागतात, मी तीनदा मोजली आहेत. ती आठ मिनिटे आम्ही रोज चालू, ती व्यायामात धरावीत, म्हणजे तीसचा नियमही मोडणार नाही. संच परत नेऊ नयेत. नेले तर ती त्या अर्ध्या बांधीत उभी राहील आणि तिला चला म्हणणारे कोणी असणार नाही. निर्णय यंदाचा रोवणा लागण्यापूर्वी कळवावा. गाव मला परत मुकादम म्हणून बोलावत आहे, पण ही परवानगी मिळेपर्यंत मी कोणाही बाईला घेऊन बांधीत उतरणार नाही.

परवानगी नाकारायची असल्यास ते पत्र माझ्या नावे काढू नये. लाभार्थी क्र. ६, रुखमिणी भैयाजी तिघरे, हिच्या नावे काढावे. विचारणारी ती आहे. मी ते तिला खेळ सुरू होण्याआधी मोठ्याने वाचून दाखवीन. तिला एकदा मी थांबवले आहे. दुसऱ्यांदा थांबवायचे असेल तर ते आपल्या सहीने थांबवावे.

घरी निघण्याच्या परवानगीसाठी थांबलेली,

सुमित्राबाई जागेश्वर काटेखाये
आसगाव, दि. १६ जून २०२५

सोबत:
१) पंचनाम्याची प्रत, वेळेखाली मी रेघ मारली आहे.
२) दि. २४ मे व दि. २ जूनच्या पोर्टलवरील नोंदी.
३) भैयाजी तिघरे यांचे संमतीपत्र.
४) लाभार्थींच्या सह्यांचा आपला छापील नमुना. पाच सह्या केल्या आहेत. सहावी ओळ आपल्या नमुन्यातच असल्याने खोडलेली नाही.