शिंगाड्याचे डोहाळे

६ मे, मंगळवार
सकाळी पोहे, दोन घास. उलटून पडले. दहाला ताक. तेही पडलं. मनीषा म्हणते, "आई, भूक लागते हो, पण घशाखाली उतरतच नाही." सातवा सरत आला. डॉ.बाईंनी कालच बजावलंय, रक्त कमी, वजन हललेलं नाही, असंच राहिलं तर दाखल करावं लागेल. सुनेचा चेहरा पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखा झालाय.
या वहीत तो शब्द लिहायचा नाही. आधीच्या दोन्ही वेळा हौसेनं लिहिला आणि दोन्ही वेळा पान फाडावं लागलं. या खेपेला नुसतं 'पाहुणा'.
पाहुणा आज माझ्या हाताखाली तीनदा हलला.

७ मे, बुध.
खोदून खोदून विचारलं, कशावर मन जातंय? लाजली. शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "शिंगाडा."
एवढंच ना! तशीच चपला सरकवून गंगापूर रोडच्या वाण्याकडे. पीठ आणलं, तुपात खमंग भाजलं, शिरा केला, वर वेलदोडा. ताटली हातात दिली तर ही बघतच राहिली. माझं मन राखायला एक चमचा खाल्ला. मग हसायला लागली, आणि हसता हसता रडायला.
"आई, उपवासाचा नाही हो. मासा. शिंगाडा मासा, मिशांचा. बाबा धरणातून आणायचे तो."
मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही.
चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा उंबऱ्यातच मी म्हटलं होतं, आमच्यात मटण चालतं, पण मासळीचा वास या घरात नको. चार वर्षं तिनं नाव काढलं नाही. म्हणजे आधीच्या दोन्ही वेळेलाही तिला हेच...
विचारायची छाती नाही.

८ मे, गुरु.
अमोल कंपनीतून आला, त्याच्या कानावर घातलं. "बाजारातला नको हं आई. कुठल्या पाण्यातला, किती दिवस बर्फात पडलेला, काय माहीत." लेकाचं बरोबर आहे. डॉ.बाईंना फोन केला. "ताजा असेल, नीट शिजवलेला असेल तर द्या की." मी त्या 'असेल तर'मध्येच अडकले. काही झालं तर रांधलेलं माझ्याच हातचं असणार.
व्याह्यांना फोन. धरणाच्या बॅकवॉटरला एकटेच असतात, विहीणबाई लग्नाआधीच गेल्या. त्यांच्या उजव्या हाताला शिंगाड्याचाच काटा लागलाय, पंजा सुजून पट्टीत. "पाठवला असता हो, पर हातच चालंना. या रविवारी. मी सांगतो, तुम्ही धरा." आणि वर हसले.
ज्याच्या काट्यानं रोजच्या कोळ्याचा हात असा सुजतो, ते मी पोटुशीला वाढायचं?

११ मे, रवि., दुपारी
अमोलला मनीषाजवळ बसवून सकाळच्या पहिल्या बसनं गेले. पाणी पार आत हटलंय, काठाला चिखल. मला पाण्याची धास्ती. रामकुंडावरसुद्धा वरच्या पायरीवरून तांब्या भरते. व्याह्यांनी डाव्या हातानं धरून खडकावर बसवलं. गळाला गांडूळ लावायचं होतं. डोळे मिटून लावायला गेले.
"डोळं मिटून लावाल तर बोटात जाईल. उघडा."
दोन तास काही नाही. पाय मुंग्यांनी भरले. आणि एकदम अशी ओढ बसली की मी निम्मी पाण्यात.
"ढील द्या, विहीणबाई, ढील!"
"म्हणजे काय करू?"
"पतंगाला देत्यात तशी! उडवला नाय का कधी?"
"उडवू कोणी दिला?"
ते हसतायत, मी रडतेय, दोरीनं तळवा कापतोय. निघाला. हातभर लांब, राखाडी, अंगावर खवला म्हणून नाही, मिशा लोंबतायत. खडकावर पडून कर्रकर्र करायला लागला.
"ओरडतोय का हो तो?"
"तसंच बोलतंय ते. हात नका लावू, आधी शिंगं मोडा."
ओलं फडकं टाकून डोकं दाबलं, पकडीनं दोन बाजूंचे आणि पाठीवरचा, तिन्ही काटे मोडले. मग दगड. पहिला नेम चुकला. दुसरा बसला. आयुष्यात कोंबडीसुद्धा मी कधी कापली नाही, खाटीक द्यायचा ते आणायचं.
चुलीची राख चोळून बुळबुळ काढली. पोट चिरलं तर आत अंड्यांच्या पिवळ्याधमक दोन लांबट पिशव्या. सुरी थांबली.
"गाभोळी! नशीब काढलं पोरीनं, तिची लय आवडीची."
मला समोरचं दिसेना. पोटुशा जिवाला मी दगड घातला आणि पोटुशीच्याच ताटात वाढणार. त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं.
"भ्यालात व्हय? आमच्या घरात चार बाळंतपणं याच कालवणावर झाली."
(त्यांचा शब्द म्हणून लिहिला. माझा नाही.)

त्याच दिवशी, संध्याकाळी
त्यांनी तोंडी सांगितलं तसंच केलं. लसूण-मिरचीचं वाटण, हळद, चिंचेचा कोळ. पळी घालायची नाही, पातेलंच फिरवायचं. काळा मसाला नाही, "मटण नाय ते." सवयीनं हात डब्याकडे गेला, मागे घेतला. दहा मिनिटं सांगितली होती. कच्चं राहील या भीतीनं अर्धा तास उकळलं. तुकडे विरघळायला आले. चष्मा लावून एकेक काटा वेचला. गाभोळी वेगळी शिजवली आणि वाटी फ्रीजमध्ये पार मागे, दह्याच्या भांड्याआड.
मनीषा: "गाभोळी निघाली का?"
"नाही गं."
"बाबांचा फोन आला होता."
मी ओट्याकडे तोंड केलं. ती मागून म्हणाली, "आई, मासाच आहे हो तो. आणा."
नागलीची दीड भाकरी. दोन तुकडे. गाभोळी सगळी. बोटं चाटून म्हणते, "जरा खारट झालंय. आईचंही व्हायचं." तासभर घड्याळासमोर बसले. पडलं नाही.

१२ मे, सोम.
सकाळी चहा, बिस्किटं, वर केळं. पडलं नाही. अंथरुणातच काहीतरी गुणगुणत होती. घरभर मासळीचा वास, पण मी खिडकी उघडली नाही.
दुपारपासून पाहुणा गप्प आहे. ती म्हणते, "पोटभर जेवून झोपला असेल." मी हात ठेवून बसले. एकदाच, तेही हलल्यापेक्षा सरकल्यासारखं. माझ्या हाताला अजून वास येतोय, लिंबानं घासला, बेसनानं घासला. तो हात पोटावरून काढून घेतला.
चार वाजता अमोलला बोलावलं. रिक्षा आलीय.

१३ मे, मंगळ.
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. ठोके आहेत. मी माझ्या कानांनी ऐकले, टांग्याचा घोडा पळावा तसे. पण हालचाल कमी, म्हणून ठेवून घेतलं. पोटाला पट्टा बांधलाय, यंत्रातून कागद निघतो, डॉ.बाई तो पाहतात आणि "बघू" म्हणतात.
काल आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काल-परवा खाल्लं काय?" मी हात पदराआड घेतला. अमोल फरशीकडे बघत होता. मनीषा म्हणाली, "घरचंच."
ते ऐकल्यावर मला राहवेना. सगळं सांगितलं. मासा, गाभोळी, अर्ध्या तासाची उकळी, दगडसुद्धा. डॉ.बाई म्हणाल्या, "आजी, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. उलट चांगलं केलंत." त्या शिकलेल्या आहेत. मी मान हलवली. आत काही हललं नाही.
आत्ता व्याह्यांचा फोन आला.
"खाल्लं का पोरीनं?"
"खाल्लं. सगळं."
"गाभोळी?"
"तीपण."
इतके हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यांना दवाखान्याचं सांगायलाच हवं होतं. अमोलनं सांगितलं नाही, तूच सांग म्हणाला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "हाताची सूज उतरलीय आता. उद्या मीच येतो. घमेल्यात पाणी घालून, जिवंत आणतो बघा."
"या," म्हटलं.
नर्स नवा कागद घेऊन आत डॉ.बाईंकडे गेलीय. दार लोटलेलं आहे.