चौदा नंबरचा नमुना

३ मार्च
चौदा नंबर पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा. निरोगी लोकांच्या रक्ताचे ठिपके आलेखात एका कोपऱ्यात गोळा झालेत. चौदा मात्र पलीकडे, विस्मरणाच्या रुग्णांत जाऊन बसलाय.
आकडेमोड करणारी – तिला आम्ही मोजपट्टी म्हणतो – म्हणाली, "नळी भरताना हात थरथरला असेल तुझा." माझा हात थरथरत नाही.
कोणता नंबर कोणाचा, ती यादी माझ्या कपाटात. किल्ली माझ्याकडे. चौदा म्हणजे सर, आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख.

४ मार्च
साठीपुढची निरोगी माणसं मिळेनात तेव्हा सरांनीच बाही वर केली होती. "साठी आली, बुद्धी अजून नाठी नाही. घे." मागोमाग काचेच्या नळ्या धुणाऱ्या मावशी. "माझंही घ्या, पण आधी चहा पाजा." मावशींचा ठिपका अगदी कोपऱ्यात, शहाण्यासारखा.

५ मार्च
सर म्हणाले, "चौदा गाळून टाक. दाताखाली खडा आला तर थुंकावा, जेवण सोडू नये."
मी हो म्हटलं. गाळला नाही.

६ मार्च
नवरा म्हणाला, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि तीन दिवस गप्प? माझं काही चुकलं का?" नाव न घेता सांगितलं. पेशीत आरएनएच्या चिठ्ठ्या फिरतात. त्यांवर बारीक रासायनिक खुणा असतात – ही आधी वाच, ही फाडून टाक. वय वाढतं तशा खुणा हलतात. मेंदूच्या आजारात जास्त हलतात, असं आम्हाला वाटतं. ते रक्तात दिसतं का, हे शोधतोय.
"म्हणजे त्या माणसाला आजार आहे?"
"एकट्या माणसाबद्दल यातून काहीच सांगता येत नाही."
"मग जेवत का नाहीस?"

९ मार्च
नवी नळी. पुन्हा तेच.
गाळला तर शोधनिबंध स्वच्छ, पण खोटा. सांगितलं तर नियम मोडला – रक्त देणाऱ्याला निकाल कळवायचा नाही. नियम सरांनीच लिहिलेला. दिवसभर जिन्यात वर-खाली. मावशी म्हणाल्या, "बाई, पायरीवर काही हरवलंय का?"

१० मार्च
सांगितलं. दार लावून.
सरांनी आलेख जवळ ओढला. मग प्रश्न. किती वेळा केलंस, कोणत्या यंत्रावर, नमुना किती दिवस गोठवलेला. एकही प्रश्न वावगा नाही. त्यांच्यापुढे मीच अडखळत होते.
"एका माणसाचं रक्त म्हणजे पुरावा नव्हे. हे तुला शिकवलं कोणी?"
"तुम्हीच."
"मग रडतेस कशाला?" आलेख खणात ठेवत, "गाळू नकोस. डॉक्टरांना दाखवून घेतो. घरी मी सांगेन, तू फोन करू नकोस."
किती दिवसांनी पोटभर जेवले. उगाच घाबरले होते. इतकं तल्लख बोलणारा माणूस!

१२ मार्च
सरांनी बोलावलं. आलेख पुढ्यात. "हा चौदा नंबर कोण गं? इतका बाहेर पडतोय, आणि मला कोणी बोललं नाही?"
मी दार लावलं. खुर्ची ओढली. पहिल्यापासून सांगायला लागले.